काटकसर आमची, हिशेब दिल्लीचा



चातुर्मास संपला, साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू झाले. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार, पाऊल टाकलं की हिंसा, म्हणून चार महिने एका जागी राहायचं. हा नियम घालणाऱ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की पावसाचे चार महिने ठरलेले आहेत. २०२५ चा पाऊस आठवून बघा. २४ मे रोजी तो केरळात आला, २६ मे ला मुंबईत. सगळे म्हणाले, वा, यंदा लवकर! मग जो अडला तो आमच्या विदर्भात यायला जूनचा मध्य उजाडला. आणि जातानाही नीट गेला नाही. दिवाळी झाल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस मोंथा वादळाचा पाऊस आला, तेव्हा वऱ्हाडात कापूस वेचणीला आला होता.

आज स्वयंपाकाचं किंवा पर्वाचं लिहिणार नाही. हवामान बदलाबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही आपण बायकांनी काय करावं हे नाही, सरकारने काय करावं हे. मी बी. कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घराचा जमाखर्च लिहिला. त्या नजरेतूनच हे वाचा.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर. लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या घरात छताचा पंखा नव्हता, आणि कोणाला त्याची उणीव वाटत नव्हती. अकोला-अमरावतीचे नातेवाईक मे महिन्यात 'थंड हवेला' म्हणून मुक्कामाला येत. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. फरक एवढाच की आता इथेही दुपारी पंख्याखाली बसावं लागतं आणि हॉटेलांच्या पाट्यांवर 'एसी रूम' लिहिलेलं असतं. ही माझ्या एकटीची आठवण नाही. भारतीय हवामान खात्याने सांगितलं आहे की १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशासाठी २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने त्याच वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त होतं.

दीड अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. संत्र्याच्या बागेवाल्याला विचारा. वरुड, मोर्शी, परतवाडा भागात मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला 'ताण देणं' म्हणतात. झाडाला चांगला ताण बसला आणि मग जूनमध्ये पाऊस पडला की फूल येतं. मे महिन्यातच अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो. जूनमध्ये पाऊस आलाच नाही तर झाड वाळतं. आंबिया बहार धरला तर उन्हाच्या तडाख्यात बारीक फळं गळून पडतात. परतवाड्याच्या नात्यातला एक बागायतदार मुलगा मला म्हणाला, "काकू, झाडाले समजत नाई का आता उन्हाळा हाय का पावसाळा, तं मले काय समजन?" इकडे वर मोथा, आमझरीला स्ट्रॉबेरी लावतात. महाराष्ट्रात कॉफी होते ती आमच्या चिखलदऱ्यालाच. ही सगळी पिकं गारव्याच्या भरवशावर उभी आहेत.

आणि पाणी. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस मेळघाटात पडतो. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या इथूनच तापीला पाणी देतात. पण डोंगराचा उतार आणि खडक असा की पाणी थांबत नाही. खडीमलसारख्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि कोरकू बायका दोर-बादल्या घेऊन तिथे झुंबड करतात. पूर्वीही टंचाई होतीच. पण पाऊस चार महिने झिरपत पडण्याऐवजी चार दिवसांत कोसळून गेला की विहिरीला मिळत काहीच नाही. ज्यांच्या घरात एक बल्ब लागतो, ज्यांनी आयुष्यात विमान किंवा मोटार घेतली नाही, त्यांच्या डोक्यावर सगळ्यात आधी हंडा आला.

आता यावर आम्हाला काय सांगितलं जातं? नको तिथले दिवे बंद करा. नळ गळू देऊ नका. कापडी पिशवी वापरा. २०२२ साली सरकारने 'मिशन लाइफ' काढलं, त्यात अशाच सवयींची लांबलचक यादी आहे. मला त्या यादीबद्दल तक्रार नाही. वाचून हसू मात्र आलं. आपल्या घरांत पाणी गाळून वापरतात, आणि गाळण्यावर राहिलेले जीव मरू नयेत म्हणून ती जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची रीत होती. इतकं जपून पाणी वापरणाऱ्यांना नळ बंद करायला शिकवायचं! सूर्यास्ताआधी जेवण, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, भोगोपभोगाच्या वस्तूंची संख्या ठरवून घ्यायची, कारण नसताना पाणी, माती, अग्नी, झाडपाला यांची हिंसा करायची नाही, हे आपल्या आज्यांनी पाळलं. आणि जैनच का, काटकसर वऱ्हाडातल्या कुठल्याही गरीब घरात शिकवावी लागत नाही. ती तिथे परिस्थितीनेच शिकवलेली असते.

पण मी शंभर दिवे बंद केले तरी वीज कशापासून बनवायची हे मी ठरवत नाही. ते दिल्ली आणि मुंबईत ठरतं. अकोला जिल्ह्यातलं पारस, चंद्रपूर, कोराडी, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ, ही सगळी कोळशावरची केंद्रं. घरातली काटकसर हा घरचा धर्म आहे, आणि देशाची ऊर्जा हा राज्यकर्त्यांचा. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून चालत नाही.

आता मुख्य हिशेबाकडे येते. बायकांनो, हा परिच्छेद सोडू नका, कठीण नाही.

१ जुलै २०१० पासून केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा सेस लावला. सेस म्हणजे ठराविक कामासाठी घेतलेला कर. तो नेहमीच्या करासारखा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, केंद्राकडेच राहतो. म्हणून तर तो त्याच कामाला लागला पाहिजे. काम काय सांगितलं होतं? स्वच्छ ऊर्जा. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला. सेस २०१४ मध्ये १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. नावही 'स्वच्छ पर्यावरण उपकर' झालं. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. एक युनिट वीज करायला किलोपेक्षा जरा कमी कोळसा लागतो, म्हणजे कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास. तो शेवटी बिलातून आपणच दिला. खडीमलच्या त्या एका बल्बनेही दिला.

२०१०-११ ते २०१७-१८ या काळात या सेसचे सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले २९,६४५ कोटी त्या निधीत वळते झाले. आणि निधीतून प्रकल्पांना प्रत्यक्षात दिले गेले १५,९११ कोटी. शंभराच्या भाषेत सांगते. सुनेने दवाखान्यासाठी म्हणून १०० रुपये मागून घेतले, ३४ दवाखान्याच्या डब्यात टाकले, आणि औषधाला १८ लागले. बाकीचे गेले कुठे? तर घरखर्चात. चोरी झाली असं मी म्हणत नाही. पण ज्या नावाने पैसे घेतले त्या नावाखाली ते दिसत नाहीत, आणि कोणतीही सासू हे ऐकून घेणार नाही!

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि हाच ४०० रुपयांचा सेस राज्यांना जीएसटीची नुकसानभरपाई देण्यासाठी वळवला गेला. राज्यांना भरपाई हवी होती, ते मान्य. पण पर्यावरणाचं नाव तेव्हाच पुसलं गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सेसही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे कोळशावर कर आजही आहे, तो कशासाठी आहे हे सांगणारी चिठ्ठी तेवढी डब्यावरून निघाली.

याच्याच शेजारी दुसरी रक्कम ठेवून बघा. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी, म्हणजे पाणी अडवणं, तग धरणारी बियाणी, अशा कामांसाठी केंद्राने २०१५ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला. त्यातून ३० प्रकल्प मंजूर झाले, एकूण खर्च सुमारे ८४७ कोटी. कोळशाच्या सेसमधून आठ वर्षांत जमलेल्या रकमेच्या तुलनेत शंभराला एक रुपया. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती योजना म्हणूनही राहिली नाही. आणि आपल्या अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यासह विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसाठी राज्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणला, त्यासाठी जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. प्रकल्प चांगलाच आहे. पण घरातल्या डब्यात पैसे जमत असताना शेजाऱ्याकडून उसने का आणावे लागले, हा प्रश्न जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला पडतोच.

पैशानंतर कायदा. थंडीची लाट आणि दव गोठणं केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. त्या यादीत १२ आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. उष्णतेची लाट त्यात नाही. त्या यादीतल्या आपत्तीत माणूस गेला तर घरच्यांना आपत्ती निधीतून ४ लाख रुपये मिळतात. उन्हाने गेला तर हा हक्क आपोआप येत नाही. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून निधीतली १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येते, पण ते राज्याच्या मर्जीवर. अकोल्याच्या बाजारात मे महिन्यात हातगाडी ओढणाऱ्या हमालाला थंडीच्या लाटेपासून संरक्षण आहे, उन्हापासून नाही. ही यादी दुरुस्त करायला नवं धरण बांधावं लागत नाही, एक निर्णय पुरतो.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल, आणि खोटं बोलायचं नाही हे आपलं व्रत. २००८ साली राष्ट्रीय कृती आराखडा झाला, आठ अभियानं ठरली. सौर ऊर्जेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटवर गेली. २०३० पर्यंत विजेची निम्मी क्षमता कोळसा-तेलाशिवायची करू असं सांगितलं होतं, ते २०२५ मध्येच झालं. घराच्या छतावर ३ किलोवॉट सौर संच बसवला तर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्याचा लाभ आमच्या ओळखीच्या काही घरांनी घेतला आहे. कौतुकच आहे. पण हिशेब पूर्ण वाचावा. निम्मी आहे ती क्षमता, प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेतला जवळपास तीन चतुर्थांश वाटा अजून कोळशाचा आहे. फडताळात निम्मी भांडी स्टीलची झाली म्हणून निम्मा स्वयंपाक त्यात होतो असं नाही.

दुसरं वचन असं की २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचा धूर २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल, दर नगामागचा खर्च कमी झाला तरी धंदा दुप्पट-चौपट वाढला तर एकूण खर्च वाढतोच. तिसरं वचन २०७० साली निव्वळ शून्याचं, ग्लासगोला २०२१ मध्ये दिलेलं. २०७० मध्ये माझी नात पन्नाशीत असेल. इतक्या लांबच्या वचनाला मधले टप्पे हवेत, नाहीतर ते पाळलं की मोडलं हे विचारायला कोणी उरत नाही.

आमच्या घरातच यावर वाद झाला. आमचे हे म्हणाले, "धूर सोडला अमेरिकेने आणि युरोपने, आपण का म्हणून?" बरोबर आहे. भारतात माणशी कार्बनचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. श्रीमंत देशांनी आधी कमी करावं आणि पैसेही द्यावेत, हे भारताने जोरात सांगितलंच पाहिजे. पण वरचा सेस अमेरिकेने दिलेला नव्हता, आपण दिलेला होता. आपत्तींची यादी वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. शेजाऱ्याने आग लावली असली तरी आपल्या घरावर पाणी आपणच आधी टाकतो, भांडण नंतर. दुसरा मुद्दा, कोळसा बंद केला तर खाणीतल्या आणि वीज केंद्रातल्या लोकांचं काय? त्यांचा विचार झालाच पाहिजे, आणि म्हणूनच आतापासून वर्षावर्षाचं वेळापत्रक हवं. अचानक बंद होणाऱ्या गिरण्यांनी कामगारांचं काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

"लोकांनीच करावं, सरकार कुठे पुरणार" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जवळचं उदाहरण. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर गाव आहे. उजाड झालेल्या जंगलावर तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी काम केलं, झाडं वाढवली, सीताफळाचं उत्पन्न घेतलं, २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कारही मिळवला. मेहनत त्यांचीच. पण ती मेहनत फळाला आली कारण २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला, आणि तो कागद मिळाला कारण २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला होता. दिल्लीत कायदा झाला तेव्हा पायविहीरच्या हातांना जमीन मिळाली. हीच माझी सगळी मागणी आहे.

मागणी अवघड नाही. २००३ साली संसदेने वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, ज्याला एफआरबीएम म्हणतात. सरकारने स्वतःलाच बांधून घेतलं, की तूट इतकीच ठेवू आणि दरवर्षी संसदेपुढे त्याची विवरणपत्रं मांडू. तसाच कायदा धुरासाठी आणि उष्णतेसाठी करा. ब्रिटनने २००८ मध्ये केला: पाच-पाच वर्षांचं धुराचं अंदाजपत्रक, वर लक्ष ठेवायला स्वतंत्र समिती, तिचा अहवाल संसदेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात म्हटलं आहे की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे, आणि याबाबत देशात एकछत्री कायदा नाही हेही नोंदवलं आहे. न्यायालयाने हक्क सांगितला, आता संसदेने कायदा करायचा आहे.

आपल्याकडे नियम घेतात तेव्हा 'जमेल तसं कमी खाईन' असं म्हणत नाहीत. गुरूंसमोर, संघासमोर घेतात. किती, कधीपर्यंत, हे बोलून घेतात, आणि प्रतिक्रमणात रोज मोजतात. संख्या, मुदत आणि साक्षीदार या तीन गोष्टी नसतील तर तो नियम नाही, नुसती इच्छा. सरकारच्या वचनालाही हेच माप लावावं.

म्हणून मैत्रिणींनो, पर्युषणात आपण क्षमापनेची पत्रं लिहितो तसं एक पत्र आपल्या खासदाराला लिहा. चिखलदरा, अचलपूर, परतवाडा, अमरावतीवाल्यांनी अमरावतीच्या, अकोल्याच्या बायकांनी अकोल्याच्या. पक्ष कोणताही असो. हाताने लिहा, आपल्या शब्दांत लिहा, आणि तीनच गोष्टी मागा. एक, उष्णतेची लाट आपत्तींच्या यादीत घाला. दोन, कोळशावरच्या करातला ठराविक हिस्सा वेगळ्या निधीत ठेवा, महालेखापरीक्षकांकडून तपासून घ्या, आणि मेळघाटसारख्या भागात पाणी अडवायला द्या. तीन, मधले टप्पे असलेला हवामान कायदा करा आणि दरवर्षी अधिवेशनात हिशेब मांडा. खासदाराला विचारा, यावर तुम्ही सभागृहात प्रश्न कधी विचारणार? उत्तराची तारीख मागा. नाही आलं तर दुसरं पत्र लिहा. उधारी वसूल करायला दुकानदार एकदाच जात नाही.

महिला मंडळात भजन झाल्यावर पंधरा मिनिटं काढली तरी वीस पत्रं होतात. पोस्टाचं पाकीट मी आणून ठेवलं आहे, मजकुराचा कच्चा खर्डा ज्यांना हवा त्यांनी सांगा, पाठवते.

जय जिनेंद्र.